माशी, पाणी आणि घोड्याची पाठ

आफ्रिकेच्या रानात घोड्यावरून आठवडाभर हिंडायचं असेल, तर आधी एक लांबलचक अर्ज भरावा लागतो. आजारपणं, विमा, खाण्यापिण्याच्या सवयी हे सगळं त्यात असतंच. पण तिथली माणसं बारकाईनं वाचतात तो रकाना एकच. खडबडीत जमिनीवर, भरधाव घोड्यावर, लगामाला न लोंबकळता बसता येतं का? ‘थोडंफार येतं’ असं लिहिणाऱ्याला ती नम्रपणे मोटारीची किंवा होडीची सफर सुचवतात. यात कसला तोरा नाही. चिडलेला हत्ती अंगावर आला, तर तिथून वेगानं निघून जाणं एवढंच हातात असतं, आणि ते जमणार की नाही हे स्वाराच्या मांडीवर अवलंबून असतं. जीपमध्ये हे काम ड्रायव्हर करतो. इथं पैसे भरून आलेल्या पाहुण्याला ते स्वतः करावं लागतं.

अशा सफरी केनियातल्या मसाई माराच्या माळांवर होतात, दक्षिण आफ्रिकेतल्या वॉटरबर्ग डोंगरांत होतात, बोत्स्वानाच्या पूर्व टोकाला तुलीच्या खडकाळ प्रदेशातही होतात. मला त्यांतली सर्वांत विलक्षण वाटते ती ओकावांगोची. बोत्स्वानाच्या वायव्येला, कालाहारीच्या वाळूवर, एक मोठी नदी समुद्राचा नाद सोडून जमिनीवर हातपाय पसरते आणि तिथंच संपते. त्या पसरलेल्या पाण्यातून, एका बेटावरून दुसऱ्या बेटावर, रोज चार ते सहा तास खोगिरात बसून जायचं. माहितीपत्रकांत या प्रकाराला हटकून ‘आदिम अनुभव’ म्हटलेलं असतं. मला ते पटत नाही. या रानात घोडा उपरा आहे. इथं बिनघोरपणे घोडा घालता येऊ लागला त्याला जेमतेम एक पिढी झाली. दिवसाच्या कुठल्या वेळी निघायचं, कोणत्या महिन्यात यायचं, जनावराला कोणती लस टोचायची, रात्री ते कुठं ठेवायचं, हे सगळं त्याच्या या उपरेपणावरून ठरतं.

घोड्याची वाट अडवली होती ती एका माशीनं. इजिप्तमध्ये घोडा साडेतीन हजार वर्षांपूर्वीच पोहोचला होता. सहाराच्या दक्षिण कडेला, कोरड्या पट्ट्यात, माली आणि बोर्नूसारख्या राज्यांनी पुढं मोठाली घोडदळं बाळगली. तिथून आणखी खाली उतरलं, झाडी वाढली, हवा दमट झाली, की मात्र घोडे मरू लागत. आजच्या नायजेरियातल्या ओयो राज्याचा दरारा घोडदळावर उभा होता. पण त्या घोडदळासाठी नवे घोडे सतत उत्तरेकडून विकत आणावे लागत, आणि दाट जंगलाच्या हद्दीवर घोड्यांचा उपयोग संपत असे. तिकडे खंडाच्या अगदी दक्षिण टोकाला डचांनी वसाहत टाकली आणि 1653 मध्ये जावा बेटावरून पहिले घोडे आणले. म्हणजे घोडा आफ्रिकेत वरूनही आला आणि खालूनही आला. मधला प्रचंड पट्टा त्सेत्से माशीचा होता.

त्सेत्से दिसायला घरमाशीहून थोडी मोठी, बसताना पंख कात्रीसारखे एकावर एक ठेवणारी. नर-मादी दोघंही रक्तावर जगतात. ती चावली की तिच्या लाळेतून ट्रिपॅनोसोम नावाचे सूक्ष्म परजीवी रक्तात उतरतात. माणसाला त्यांच्या काही प्रकारांमुळे निद्रारोग होतो. गुरांना आणि घोड्यांना होणाऱ्या आजाराला ‘नगाना’ म्हणतात. जनावर खंगतं, पोटाखाली सूज येते, रक्त पातळ होतं, आणि काही आठवड्यांत ते आडवं होतं. रानरेड्याच्या, कुडू हरणाच्या रक्तात हेच परजीवी निवांत नांदतात, कारण लाखो वर्षांच्या सहवासात त्यांचं एकमेकांशी जमलं आहे. घोड्याला हा सहवास मिळालेलाच नाही.

डेव्हिड लिव्हिंगस्टन 1 ऑगस्ट 1849 रोजी ओकावांगोच्या दक्षिणेच्या न्गामी सरोवरावर पोहोचला. पुढच्या एका प्रवासात त्याचे 43 बैल या माशीनं मारले, आणि 1857 मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्यानं तिच्याबद्दल सविस्तर लिहिलं. माशी चावते आणि जनावर मरतं एवढं तेव्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं. माशीच्या विषानं मरतं की आणखी कशानं, हे उलगडायला 1895 उजाडलं. झुलूलँडमध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरानं आजारी जनावरांच्या रक्तात ते वळवळणारे परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यातल्या एका जातीला आजही त्याचंच नाव आहे.

या माशीनं घोडे मारले, बैल मारले, आणि त्यातून रानाचं भलं झालं, हे मात्र फार कमी वेळा सांगितलं जातं. पाणी आणि गवत मुबलक असलेल्या जागी माणूस गुरं घेऊन शिरल्याशिवाय राहत नाही. कालाहारीच्या कोरड्या मुलखात ओकावांगोसारखी हिरवी जागा मोकळी राहिली त्याचं मोठं कारण त्सेत्से आहे. ब्रिटिश अमदानीत सरकारनं तिच्याविरुद्ध वेगळाच मार्ग धरला होता. तिचं अन्न तोडायचं म्हणून 1940 च्या दशकापासून हजारो रानटी जनावरं गोळ्या घालून मारली, झाडी तोडली. पुढं कीटकनाशकं आली. माशी हटेना, कारण तिची वीण मोठी चमत्कारिक आहे.

बहुतेक माश्या शेकड्यांनी अंडी घालतात. त्सेत्सेची मादी एका वेळी एकच अळी पोटात वाढवते, आतल्या आत तिला दुधासारखा द्रव पाजते, आणि साधारण नऊ-दहा दिवसांनी पूर्ण वाढलेली अळी जमिनीवर सोडते. अळी लगेच मातीत शिरते, कोष करते आणि महिनाभर तिथं पडून राहते. वरून कितीही फवारा, मातीतल्या कोषाला त्याचा पत्ता लागत नाही. मग 2001 आणि 2002 मध्ये बोत्स्वानानं हिशेब करून फवारणी केली. दोन वर्षांत मिळून सुमारे 16,000 चौरस किलोमीटरांवर विमानं रात्री खालून उडत डेल्टामेथ्रिनचं धुकं सोडत गेली. रात्री अशासाठी, की थंड हवा जमिनीलगत साचते आणि धुकं वर उडून जात नाही. प्रत्येक भागावर पाच फेऱ्या झाल्या. कोषातून नुकतीच बाहेर पडलेली मादी आपली पहिली अळी टाकण्याआधी पुढची फेरी तिच्यावरून जाईल, असं दोन फेऱ्यांमधलं अंतर तपमान बघून ठरवलं होतं. शेवटच्या फेरीनंतर मातीत पुढची पिढीच उरली नाही.

माशी गेली; मग गुरं का शिरली नाहीत? काही प्रमाणात राखीव रानामुळे. तिथल्या बातवाना लोकांनी 1963 मध्ये, राज्यकारभार पाहणाऱ्या एलिझाबेथ पुलाने मोरेमी यांच्या काळात, आपल्याच शिकारीच्या जमिनीचा मोठा तुकडा अभयारण्यासाठी बाजूला काढला. ते आजचं मोरेमी. पण दुसरं कारण जास्त रोकडं आहे, आणि ते म्हणजे कुंपण. बोत्स्वाना युरोपला गोमांस विकतो. रानरेड्यांकडून गुरांना लाळ्या-खुरकूत झाली तर तो व्यापार बंद पडतो, म्हणून देशभर शेकडो किलोमीटर लांबीची तारेची कुंपणं उभी आहेत. ओकावांगोच्या दक्षिण कडेलाही असं कुंपण आहे. त्याच्या अलीकडे गाई, पलीकडे रेडे. लाळ्या-खुरकूत दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांनाच होते. घोड्याचा खूर अखंड, त्याला हा रोग होत नाही. तेव्हा कुंपणाच्या पलीकडे, रेड्यांच्या बाजूला, नांदू शकणारं पाळीव जनावर म्हणून घोड्याची जागा तिथं आपोआप मोकळी झाली.

या कुंपणांनी रानाचं वाईटही केलं आहे. ओकावांगोकडून मकगाडिकगाडीच्या खारट मैदानांकडे झेब्र्यांची जी जुनी वाट होती ती 1968 मध्ये एका कुंपणानं तुटली. 2004 मध्ये ते कुंपण काढलं, आणि काहीच वर्षांत गळ्यात पट्टे बांधलेले झेब्रे पुन्हा त्याच दिशेनं, अडीचशे किलोमीटरांहून लांब, चालत जाताना संशोधकांना आढळले. रानातला झेब्रा पंधरा-वीस वर्षांच्या पलीकडे जगत नाही. जुनी वाट चाललेला एकही झेब्रा तेव्हा जिवंत नसणार. त्यांना ती वाट कशी सापडली यावर अभ्यासक अजून वाद घालतात. पाऊस आणि हिरवळ यांचा माग काढत ते गेले, हे उत्तर मला सगळ्यांत कमी गूढ आणि म्हणून सगळ्यांत बरं वाटतं.

त्सेत्से गेली तरी घोड्याचा दुसरा वैरी तिथंच आहे, आणि तो डोळ्यांना धड दिसतही नाही. आफ्रिकन हॉर्स सिकनेस हा विषाणूचा रोग चिलटं पसरवतात. लस न टोचलेल्या घोड्याला तो झाला तर दहांतले नऊसुद्धा मरतात. फुप्फुसांत पाणी भरतं, नाकातून फेस येतो. सकाळी चंदी खाल्लेला घोडा संध्याकाळपर्यंत संपतो. 1854-55 च्या साथीत केप वसाहतीत सुमारे 70,000 घोडे मेले. त्या काळात एकदा रोग होऊन वाचलेल्या घोड्याला व्यापारी आणि शिकारी कितीतरी पट किंमत मोजत. झेब्रा हाच विषाणू अंगात घेऊन मजेत चरत असतो, त्याला साधा तापही दिसून येत नाही. म्हणजे सफरीत ज्यांच्या कळपाशेजारून घोडा न्यायचा, त्यांच्याच रक्तात घोड्याचं मरण असतं.

प्रिटोरियाजवळच्या ऑन्डरस्टेपूर्ट या पशुवैद्यक संस्थेत, जी 1908 मध्ये आर्नॉल्ड थायलर यांनी उभी केली, या रोगावरच्या लसीचं मोठं काम झालं. विषाणूचे नऊ प्रकार आहेत, त्यामुळे एका टोचणीत भागत नाही, आणि दरवर्षी टोचूनही खात्री शंभर टक्के नसते. मग उरलेली काळजी वेळापत्रकानं घ्यायची. चिलटं संध्याकाळी आणि पहाटे सर्वांत जास्त निघतात, म्हणून उन्हाळ्याच्या अखेरीला, पावसानंतरच्या धोक्याच्या महिन्यांत, घोडे दिवस मावळायच्या आत परत आणतात आणि उजाडल्यावरच बाहेर काढतात. थंडी पडली की चिलटं कमी होतात. सूर्यास्ताच्या वेळी घोड्यावर बसून फोटो काढायचं स्वप्न घेऊन आलेले पाहुणे या नियमावर नाराज होतात म्हणे. होऊ देत.

हा रोग आफ्रिकेतच राहील असंही नाही. 1959 मध्ये तो मध्यपूर्वेत शिरला, पुढच्याच वर्षी इराण आणि पाकिस्तान ओलांडून भारतात आला, आणि ती साथ शमेपर्यंत या सगळ्या पट्ट्यात तीन लाखांहून अधिक घोडे, गाढवं, खेचरं मेली. 2020 मध्ये थायलंडमध्ये अचानक साथ उसळली आणि पाचशेहून अधिक घोडे गेले. आफ्रिकेतून आणलेल्या झेब्र्यांवर तेव्हा संशय घेतला गेला. म्हणूनच आफ्रिकेच्या या भागातला घोडा दुसऱ्या देशात न्यायचा म्हटलं की विलगीकरण, तपासण्या आणि कागदपत्रं यांना अंत नसतो. ओकावांगोत गेलेला घोडा बहुधा आयुष्यभर तिथलाच होतो.

आता पाण्याकडे वळू, कारण सफरीची खरी चव तिथं आहे. पाऊस पडतो तो उत्तरेला, अंगोलाच्या डोंगरपठारांवर, डिसेंबर ते मार्चच्या सुमारास. ते पाणी नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडून बोत्स्वानात येतं, आणि मग त्याची चाल मंदावते. जमीन इतकी सपाट आहे की सुमारे 250 किलोमीटरांचा हा पसारा ओलांडायला पुराला चार महिने लागतात. माऊन या गावापाशी पाणी पोहोचतं ते जून-जुलैमध्ये, म्हणजे तिथल्या कडक कोरड्या हिवाळ्यात. आजूबाजूला महिनोन्‌महिने पावसाचा थेंब नाही, गवत पिवळं पडलेलं, आणि निरभ्र आकाशाखाली पूर येतो. तो गढूळ नसतो, कारण नदी गाळापेक्षा कालाहारीची वाळूच जास्त वाहते आणि लव्हाळी-पपायरसच्या राईतून गाळून निघते. वर्षाकाठी येणाऱ्या सुमारे 11 घन किलोमीटर पाण्यातलं जवळजवळ सगळं वनस्पतींच्या पानांतून आणि उघड्या पृष्ठभागावरून हवेत जातं. 2014 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत या जागेचं नाव घातलं. यादीतलं ते हजारावं.

पूर आणि थंडी एकाच वेळी येतात, ही घोड्यासाठी मोठीच सोय. चिलटं कमी असतात त्याच महिन्यांत मैदानं पाण्यानं भरलेली असतात. जीप अशा पाण्यात अडते, होडी बेटाच्या काठाशी थांबते. घोडा दोन्हीकडे जातो. पाणी गुडघ्याएवढं असेल तर तो दुडक्या चालीनं जातो, पोटाला लागलं तर पाय उचलून टाकत चालतो, आणि एखाद्या खोल ओढ्यात पोहतोही. तेव्हा स्वारानं रिकिबीतले पाय सैल करायचे, आयाळ धरायची आणि लगामाला हात लावायचा नाही. तळ वाळूचा असल्यामुळे पाऊल धसत नाही. मारातली काळी माती पावसात चिकट होते आणि तिथं घोडा घसरतो. इथं भरधाव घोडा पाण्यातून निघाला की दोन्ही बाजूंना तुषारांच्या भिंती उठतात, आणि पुढं लेच्वे हरणांचा कळप उड्या मारत पळत असतो. या हरणांचे मागचे पाय लांब, खूर पसरट. खोल पाणी हे त्यांचं आसऱ्याचं ठिकाण. कोरड्या जमिनीवर ती अवघडल्यासारखी चालतात, पाण्यात त्यांना सिंहसुद्धा सहज गाठत नाही.

बेटांचं बघा. त्यातली पुष्कळशी वाळवीनं बांधली आहेत. सपाट पूरमैदानात एखादं वारूळ हातभर उंच असलं तरी ते पुराच्या वर राहतं. त्यावर पक्षी बसतात, त्यांच्या विष्ठेतून बिया पडतात, झाडं उगवतात. झाडं मुळांनी भोवतालचं पाणी ओढतात, पानांतून सोडतात, आणि त्या पाण्यातले क्षार मात्र बेटाच्या मध्यभागी मातीत साठत जातात. शतकांनंतर बेटाला उंची येते आणि पोट खारं होतं. घोड्यावरून हे सगळं एका फेरीत दिसतं. काठाला उंबराच्या जातीची झाडं, टेंभुर्णीच्या कुळातले उंच वृक्ष, दाट सावली. जरा आत ताडासारखे पंखापानांचे वृक्ष. आणि मधोमध पांढरट, टणक, गवतही न उगवणारा चौक. घोड्यालाही फरक कळतो. काठच्या भुसभुशीत मातीत तो मान खाली घालून पाऊल टाकतो, मधल्या खाऱ्या चौकात येताच कान पुढे करून पळायची परवानगी मागू लागतो.

पाण्याच्या वाटा कोण राखतं, तर पाणघोडे. रोज रात्री चरायला जाताना आणि परत येताना त्यांच्या अवाढव्य देहांनी पपायरसमध्ये वाटा पडतात, आणि पाणी त्याच वाटांनी वाहू लागतं. पण पाणघोड्याच्या वाटेवर त्याच्या आणि खोल पाण्याच्या मध्ये उभं राहणं यासारखा मूर्खपणा नाही. वाटाड्या म्हणूनच प्रत्येक डोहाला लांबून वळसा घालतो.

हा वाटाड्या पुढे असतो, पाठीला रायफल. त्याच्या मागे पाहुणे एका रांगेत, सहा-आठ जण. शेवटी दुसरा वाटाड्या. कोणी कोणाला ओलांडायचं नाही, खाली उतरायचं नाही, हात वर झाला की थांबायचं, बोलायचं कुजबुजत. दुरून मोकळ्या रानातली भटकंती वाटणारा हा प्रकार प्रत्यक्षात फार शिस्तीचा असतो, आणि तो तसा असल्यामुळेच सुखरूप पार पडतो.

जनावरं घोडेस्वारांना ज्या प्रकारे जवळ येऊ देतात ते पायी चालणाऱ्याच्या नशिबी कधीच येत नाही. दोन पायांवर उभी चालणारी आकृती म्हणजे शिकारी, ही ओळख आफ्रिकेतल्या जनावरांच्या अंगात फार जुन्या काळापासून मुरलेली आहे. माणूस दिसला की जिराफ लांबूनच सटकतो. तोच माणूस घोड्यावर बसला की त्याची आकृती चार पायांच्या धडात मिसळते, वास घोड्याच्या वासाखाली दबतो, आणि चालीचा आवाज चरणाऱ्या जनावराचा होतो. जिराफ कुतूहलानं पुढे येतो. झेब्रे मान वर करून बघतात आणि पुन्हा चरायला लागतात. वाऱ्याची दिशा मात्र सांभाळावी लागते, आणि माणसाचं बोलणं सगळा बनाव मोडून टाकतं.

शिवाय घोड्याचं भय उसनं मिळतं. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे जवळजवळ 350 अंशांचं दृश्य त्याला एकाच वेळी दिसतं. अगदी नाकासमोर आणि शेपटीमागे तेवढं आंधळं. आपल्याला ऐकू न येणारे उंच पट्टीचे आवाज त्याला ऐकू येतात, आणि दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांना वळतात. तयार स्वार रानाकडे बघण्याआधी घोड्याच्या कानांकडे बघतो. दोन्ही कान एकाच झुडपाकडे रोखले गेले आणि मान ताठ झाली, की तिथं काहीतरी आहे. पुष्कळदा ते रानडुक्कर निघतं. कधीतरी निघत नाही.

कोणासमोर कसं वागायचं हेही ठरलेलं आहे, आणि गंमत म्हणजे नियम एकमेकांच्या उलट आहेत. बोत्स्वानात सुमारे 1,30,000 हत्ती आहेत, जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त, आणि ओकावांगोत ते रोज भेटतात. हत्तीपासून पळून जायचं. आधीच मोकळी वाट हेरून ठेवायची, आई आणि पिल्लाच्या मध्ये यायचं नाही, आणि हत्तिणीनं कान पसरून दोन पावलं टाकली की वाटाड्याच्या मागोमाग निघायचं. सिंहापासून मात्र पळायचं नाही. पळणारं जनावर दिसलं की पाठलाग करायचा, हे सिंहाच्या रक्तात असतं, आणि थोड्या अंतरावर तो घोड्यापेक्षा वेगवान ठरतो. म्हणून घोडे एकत्र आणून, तोंडं सिंहाकडे करून उभं राहायचं. वाटाड्या लांब आसूड कडाडून वाजवतो, गरज पडली तर चार पावलं पुढे जातो. समोरचं भक्ष्य पळत नाही, उलट पुढे येतं, याचा उलगडा सिंहाला होत नाही आणि बहुतेक वेळा तो निघून जातो. घोड्याचा स्वभाव सांगत असतो पळ, आणि स्वार सांगत असतो थांब. अशा वेळी घोडा का थांबतो, तर वर्षानुवर्षं त्याच वाटाड्याच्या घोड्यामागे थांबायची त्याला सवय लावलेली असते म्हणून. एकटा, म्हातारा नर रानरेडा दाट झाडीत बसलेला असेल तर वरचे दोन्ही नियम कुचकामी. तिथं दूर राहणं एवढंच.

खरे अपघात बहुधा याहून नीरस असतात. आर्डवार्क नावाचा वाळवीखाऊ प्राणी रात्रभर जमीन उकरतो, आणि गवतात झाकलेल्या त्या बिळात भरधाव घोड्याचा पाय गेला की घोडा आणि स्वार दोघंही जमिनीवर. म्हणून पुढचा स्वार हातानं बीळ दाखवतो आणि ती खूण रांगेतून मागे जाते. हाड मोडलं तर जवळच्या धावपट्टीवरून छोट्या विमानानं माऊनला, आणि प्रकरण गंभीर असेल तर पुढं जोहान्सबर्गला.

झेब्र्यांच्या शेजारी चालताना एक गोष्ट हटकून लक्षात येते. घोड्याला गोमाश्या छळत असतात, तो शेपूट झाडत असतो, कातडी थरथरवत असतो. झेब्रा त्या मानानं शांत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या टिम कॅरो यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्लंडमधल्या घोड्यांना काळ्या, पांढऱ्या आणि पट्ट्यापट्ट्यांच्या झुली घातल्या. माश्या तिन्हींकडे सारख्याच येत. पण पट्ट्यांवर बसताना त्यांचा वेग कमी होत नसे, त्या आदळत किंवा चुकून पुढे निघून जात. उघड्या डोक्यांवर मात्र त्या सगळ्या घोड्यांच्या बाबतीत सारख्याच बसल्या. झेब्र्याचे पट्टे सिंहाला चकवण्यासाठी असतात, या शाळेत शिकलेल्या गोष्टीला त्यामुळे चांगलाच धक्का बसला. काही तबेले आता घोड्यांना पट्टेरी झूल घालतात.

रात्र घोड्यांसाठी सर्वांत कठीण. घोडा उभ्यानं डुलक्या घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ आडवं व्हावंच लागतं, आणि सिंहांच्या मुलखात आडवा होणारा घोडा भोवतालवर विश्वास टाकत असतो. कायमच्या तळावर उंच कुंपणाची पागा असते. मुक्काम रोज हलत असेल, जसा तो मारात हलतो, तर झाडांच्या मध्ये ताणलेल्या दोराला घोडे बांधतात आणि मोतद्दार रात्रभर शेकोटीपाशी जागे राहतात. पाहुण्यांच्या आधी उठणारे, खरारा करणारे, तंग आवळणारे, नाल तपासणारे हेच लोक. सफरीच्या आठवणी लिहिणाऱ्यांनी त्यांच्याबद्दल जितकं लिहायला हवं तितकं कधी लिहिलेलं नाही.

हे सगळं महाग आहे, आणि मुद्दाम महाग ठेवलेलं आहे. थोडे पर्यटक आणि जास्त उत्पन्न, हे बोत्स्वानाचं 1990 पासूनचं जाहीर धोरण. मोठाले रानपट्टे सरकार आणि स्थानिक समाजांकडून भाडेपट्ट्यानं दिले जातात, त्यावर मोजकेच तंबू. रानाला याचा फायदा झाला हे दिसतंच. सामान्य उत्पन्नाच्या माणसाला, त्यात बोत्स्वानाचे नागरिकही आले, हे रान आतून पाहणं परवडत नाही, हेही तितकंच दिसतं.

मराठी वाचकांपैकी कुणाच्या मनात जायचं आलंच, तर माथेरानच्या घोड्यावरची फेरी कामाची नाही. तिथं घोडेवाला लगाम धरून चालतो. इथं तो स्वतःच्या हातात असतो. वर्षभर तरी नियमित शिकून दुडकीवर आणि भरधाव चालीवर बसणं अंगवळणी पडायला हवं, आणि सलग तीन दिवस बसूनही मांड्या शाबूत राहतात का हे इथंच पाहून घ्यावं. पेशवाईतल्या भाषेत सांगायचं तर तिथं आपण शिलेदार नसतो, बारगीर असतो. घोडा सरकारचा, आणि कुणाला कोणता द्यायचा हे सरकार ठरवतं. तिथले घोडे अरबी रक्त मिसळलेले, किंवा दक्षिण आफ्रिकेतल्या बूरपर्द जातीचे, चारशे-पाचशे किलोंचे. घोड्यानं दिवसभर वाहायचं ओझं त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या वर जाऊ नये असं धरतात, आणि खोगीर, पाण्याची बाटली, बूट हे सगळं त्यातच आलं. म्हणून सर्वांत दणकट घोड्यावरही स्वारासाठी मर्यादा नव्वद-पंच्याण्णव किलोंच्या आसपास असते. पुष्कळ तळांवर वजनकाटा ठेवलेला असतो, आणि अर्जात लिहिलेला आकडा त्याच्याशी जुळला नाही तर त्या पाहुण्यासाठी होडी तयार असते.